एमडी झालेय, पीएचडी नाही. माझ्या संशोधनाला पैसे कोण देणार?

पत्र:

आदरणीय सर,

मी शहाद्याजवळच्या एका गावातली. बालरोगशास्त्रात एमडी केलं, बॉण्ड संपवला आणि आता खान्देशातल्याच एका मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. ऑर्डर अजून तात्पुरतीच आहे. वय ३४. आमच्या वॉर्डात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) मुलं सतत भरती असतात, बहुतेक धडगाव-अक्कलकुव्याकडची. माझा थिसिसही त्याच विषयावर होता. त्याचा पेपर आला तेव्हा पहिलं नाव विभागप्रमुखांचं होतं, माझं तिसरं. मला माझं स्वतःचं संशोधन करायचं आहे. सिकलसेलचं प्रमाण किती आहे यावर मोठा सर्व्हे करायचा विचार आहे. पण ओपीडी, नाइट, लेक्चर्स, इन्स्पेक्शनची कागदपत्रं यातून वेळच उरत नाही. ह्यूस्टनला असलेली मैत्रीण सांगते, तिकडे तरुण डॉक्टरांना ‘के अवॉर्ड’ मिळतो आणि मग बहुतेक वेळ रिसर्चच करायचा. आपल्याकडे असं काही आहे का? पीएचडी नसताना कोणी पैसे देईल का? खान्देश सोडून मुंबईला किंवा बाहेर जावं का? सासरी शहाद्यात हॉस्पिटलसाठी प्लॉट घेऊन ठेवला आहे, त्यामुळे घरात रोज हाच विषय.

– एक बालरोगतज्ज्ञ

उत्तर:

डॉक्टर,

सर्वात सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी. पीएचडी नसली तरी पैसे मिळतात, आणि चांगले मिळतात. एमडी-एमएस झालेल्या, रुग्ण पाहणाऱ्या आणि संशोधनात स्वतःच्या पायावर उभं राहू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठीच आपल्याकडे योजना आहेत. त्यांची जाहिरात मुंबई-वेल्लोर-बंगलोरच्या नोटीस बोर्डावर लागते, आपल्याकडे तो कागद आवक-जावकच्या कपाटात राहतो, एवढाच फरक.

यातली एक मोठी योजना इंडिया अलायन्सची. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीबीटी, आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी ती २००८च्या सुमारास मिळून सुरू केली. कार्यालय हैदराबादला आहे. तिच्यात प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांची शाखा वेगळी आणि क्लिनिकल व सार्वजनिक आरोग्याची वेगळी. तुमचं काम या दुसऱ्या शाखेत. तिथे एमडी पुरते. वयाची अट नाही. मुलं-बाळं, आजारपण, नोकरीतला खंड यांचा हिशोब तुमच्या विरुद्ध धरला जात नाही. फेलोशिप पाच वर्षांची असते आणि तिच्यात तुमचा पगार, हाताखालची माणसं, तपासण्या, प्रवास, सगळं बसतं. अर्ज टप्प्याटप्प्याने होतो: आधी छोटा प्राथमिक अर्ज, मग पूर्ण अर्ज, मग बाहेरच्या तज्ज्ञांचे शेरे, मग मुलाखत. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. एकूण १५०० कोटी रुपये, त्यातले १००० कोटी डीबीटीचे आणि ५०० कोटी वेलकम ट्रस्टचे. नव्या फेलोशिप २०३०-३१ पर्यंत दिल्या जातील. तेव्हा योजना गुंडाळली जाईल ही भीती सध्या मनातून काढा.

आता मैत्रिणीचा ‘के अवॉर्ड’. ती सांगते ते खरं आहे, पण तुमच्या उपयोगाचं नाही. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे के०८ आणि के२३ हे डॉक्टरांसाठीचेच अवॉर्ड आहेत. के०८ प्रयोगशाळेकडे झुकलेल्या कामासाठी, के२३ प्रत्यक्ष रुग्णांवरच्या अभ्यासासाठी. दोन्हींना तिथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. के९९/आर०० हा बाहेरच्यांना खुला आहे, पण त्यासाठी आधी तिकडे पोस्टडॉक, म्हणजे पदवीनंतरचं संशोधन, हवं, आणि तेही चार वर्षांपेक्षा जास्त झालेलं चालत नाही. बरोज वेलकम फंड नावाची तिथली एक खासगी संस्था तरुण डॉक्टर-संशोधकांना पाच वर्षांत ७ लाख डॉलर देत आली आहे. त्यालाही अमेरिकेतली किंवा कॅनडातली संस्था पाठीशी लागते. (नावात वेलकम असलं तरी ब्रिटनचा ट्रस्ट वेगळा, हा फंड वेगळा. मूळ एकाच औषध कंपनीचं, त्यामुळे अर्जदारांचा दरवर्षी गोंधळ उडतो.)

पण त्या अवॉर्डांची रचना कशी आहे ते नीट पाहा, कारण तुमच्या दुखण्याचं औषध त्यात आहे. १९७९ साली जेम्स विनगार्डन या अमेरिकी डॉक्टरांनी इशारा दिला होता की रुग्ण पाहता पाहता संशोधन करणारा डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जात आहे. पुढे तेच एनआयएचचे संचालक झाले. कारण साधं होतं. तरुण डॉक्टरचा तास ओपीडीत लावला तर हॉस्पिटलला पैसा मिळतो, संशोधनात लावला तर खर्च होतो. मग कुठला विभागप्रमुख त्याला मोकळं सोडेल? म्हणून के०८-के२३ची मुख्य अट अशी की कामाच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला, आणि तसं संस्थेने लिहून द्यायचं. त्या वेळेच्या पगाराचा बराचसा भाग अवॉर्डमधून येतो, त्यामुळे विभागाची तक्रार कमी होते. सर्जरीसारख्या हाताच्या सवयीच्या शाखांना थोडी सूट असते. म्हणजे हा पैसा मुळात तास विकत घेण्यासाठी आहे. मशीन, किट, कॉन्फरन्स हे सगळं नंतर.

आपल्याकडचा तरुण प्राध्यापक मात्र अर्ज करायला बसला की पहिलं मशीनच लिहितो. हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारं एचपीएलसी हवं, पेशी तपासणारं फ्लो सायटोमीटर हवं, उणे ८० अंशाचा फ्रीजर हवा. ते येतं, उद्घाटन होतं, फोटो निघतो आणि चालवायला माणूस व वेळ नसल्याने त्यावर कापड टाकलं जातं. खान्देशात तर मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि लाइटही जाते. फ्रीजर ही जबाबदारी असते, मिरवायची वस्तू नाही. तुमचे सिकलसेलचे नमुने मुंबईला ‘आयसीएमआर-एनआयआयएच’कडे पाठवता आले तर पहिली तीन वर्षं तुम्हाला स्वतःचं मशीन लागणारही नाही. ही संस्था परळला केईएमच्या आवारात आहे, रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करते आणि चंद्रपूरला तिचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी केंद्रही आहे.

तेव्हा अर्जाच्या आधी डीनसाहेबांकडे जा आणि वेळ मागा. तोंडी नको. “करा ना मॅडम, कोण अडवतंय?” हे वाक्य आपल्या कॉलेजांमध्ये अगदी मनापासून बोललं जातं, आणि पुढच्याच सोमवारी ड्युटी लिस्टवर तुमचं नाव दोनदा असतं. कागदावर लिहून घ्या: आठवड्यातले अमुक दोन दिवस डॉ. अमुक यांना ओपीडी व इमर्जन्सी ड्युटी राहणार नाही, त्या दिवशी त्या संशोधनाचं काम करतील, आणि फेलोशिप मिळाल्यास हा वेळ इतका वाढेल. या पत्राशिवाय इंडिया अलायन्सच्या मुलाखतीत जाणं म्हणजे हात हलवत जाणं. समितीतली माणसं कॉलेजांच्या ड्युटी लिस्ट ओळखून असतात. “पेशंट कोण बघणार?” हा प्रश्न येतोच, आणि “मी मॅनेज करीन” या उत्तराला शून्य किंमत आहे.

डीन पत्र का देतील? कारण त्यांचीही गरज आहे. वैद्यकीय शिक्षणावर देखरेख करणाऱ्या एनएमसीच्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीला प्रकाशनं लागतात आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स लागतो. तो तुम्ही केला नसेल तर या सत्रात उरकून टाका. शिवाय एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची एसटीएस ही दोन महिन्यांची विद्यार्थी-संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. मुलांना विद्यावेतन मिळतं, कॉलेजचं नाव यादीत येतं, आणि गाइड म्हणून तुमचं नाव लागतं. दरवर्षी दोन मुलांना घ्या. स्वतःच्या नावावर संशोधनाची जबाबदारी घेण्याची ही सर्वात स्वस्त सुरुवात आहे आणि तिला कोणी हरकत घेत नाही. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने सरकारी मेडिकल कॉलेजांत एमआरयू, म्हणजे बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रं, काढायची योजना आणली आहे. तुमच्याकडे ते आहे का, नसेल तर प्रस्ताव गेलाय का, हे डीनना विचारा. असा प्रस्ताव लिहिणारा माणूस डीनना हवाच असतो. तो तुम्ही झालात की दोन दिवस मागायला तोंड मोठं होतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे आणि मला तीच जास्त अडचणीची वाटते: ऑर्डर तात्पुरती आहे. ३६४ दिवस, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. हे चक्र महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांत सगळ्यांना पाठ आहे. ग्रँट देणाऱ्यांना ते परवडत नाही. एएनआरएफ, म्हणजे एसईआरबी या केंद्राच्या जुन्या अनुदान मंडळाच्या जागी २०२३च्या कायद्याने आलेलं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, त्याची ‘प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट’ आहे. तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, वेगळा. एमडी-एमएस चालतात, वय ४२ पर्यंत. पण नियमित पद लागतं, आणि त्यावर रुजू होऊन फार वर्षं झालेली चालत नाहीत. आज तुम्ही त्यात बसत नाही. आयसीएमआरच्या बाहेरच्या संशोधकांसाठीच्या ग्रँटमध्ये ‘स्मॉल’ गटच २ कोटींपर्यंतचा आहे. (आमच्या वेळी विभागाच्या झेरॉक्सला टोनर मागवायचा तर तीन सह्या लागत. तिथल्या माणसाला २ कोटी ‘स्मॉल’ हे पचायला दोन दिवस लागतात.) तिथेही प्रकल्प संपेपर्यंत मुख्य संशोधक जागेवर राहील याची हमी संस्थेला द्यावी लागते, आणि तात्पुरत्या माणसासाठी ती सही करायला प्रशासन कचरतं.

म्हणून एमपीएससीची जाहिरात येईल तेव्हा अर्ज करा, टाळू नका. “मला रिसर्च करायचाय, एमपीएससी कशाला” असं म्हणणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. पाच वर्षांनी ते कॉर्पोरेट हॉस्पिटलात असतात. कायम झालात की बदलीचा धोका येतो हे खरं. पण बदलीत ग्रँट दुसऱ्या कॉलेजात नेता येते, कटकट होते इतकंच. नोकरीच नसेल तर नेणार काय? तोवर इंडिया अलायन्सचा दरवाजा तुम्हाला उघडा आहे, कारण तिथे कायम पदाची सक्ती नाही. पाठीशी उभी राहणारी ना-नफा संस्था लागते आणि पगार फेलोशिपमधून येतो. अर्जाच्या वेळी ताजी जाहिरात मुळापासून वाचा. अटी दर फेरीला थोड्या हलतात.

आता विषय. इथे तुमचं पारडं मुंबईच्या कुठल्याही अर्जदारापेक्षा जड आहे, आणि तेच तुम्हाला कळलेलं दिसत नाही. पत्रात तुम्ही लिहिलंय, “सिकलसेलचं प्रमाण किती आहे यावर मोठा सर्व्हे करायचा विचार आहे.” कृपा करून तो करू नका. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं लक्ष्य आहे. सरकार एवढ्या मोठ्या पटावर तपासत असताना तुम्ही आणखी दोन हजार मुलांची सोल्युबिलिटी ही प्राथमिक तपासणी करून टक्केवारी काढलीत तर समिती विचारणार, यात नवीन काय? आणि त्यांचं बरोबर असेल.

खरा प्रश्न तपासणीनंतरचा आहे. आपल्याकडे सिकलसेलच्या वाहकाला पिवळं कार्ड आणि ग्रस्ताला लाल कार्ड देतात. लाल कार्ड हातात पडल्यावर पुढे काय होतं? समजा, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा सात वर्षांचा मुलगा हाडं दुखतात म्हणून तुमच्याकडे येतो. तुम्ही हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे दुखण्याचे झटके कमी करणारी गोळी, सुरू करता. सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी आणि मग दोन-तीन महिन्यांनी रक्ताची मोजणी करायला हवी, पांढऱ्या पेशी घसरतात का ते पाहायला हवं. दिवाळी झाली की त्याचे आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे निघतात, मुलगाही बरोबर. उसाच्या फडात पाणी कमी, उन्हात काम, रात्री थंडी, म्हणजे दुखणं उसळायला लागणारी सगळी कारणं हजर. गोळ्या संपतात. तिकडच्या सरकारी दवाखान्यात लाल कार्ड दाखवलं तर ते कोण ओळखतं? माणसं परततात ती होळीला. सातपुड्यात होळीला घरी येणार नाही असा माणूस नाही. काठी गावची होळी तर तुम्ही लहानपणापासून ऐकत आला असाल. मग मार्च-एप्रिलमध्ये तुमचा वॉर्ड पुन्हा भरतो.

हे सगळं तुम्हाला इतकं सवयीचं आहे की त्यात संशोधन आहे हे दिसतच नाही. दिवाळी ते होळी या काळात हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या मुलांपैकी किती जणांच्या गोळ्या चालू राहतात? सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर मोजणीविना ते सुरक्षित आहे का, की मात्रा कमी ठेवून हे साधेल? कमी, ठरावीक मात्रेवर नागपूरकडे काम झालेलं आहे. तिथून धागा उचलता येईल. भारतातल्या आदिवासींमध्ये दिसणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहतं म्हणून आजार सौम्य असतो, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. तुमच्या वॉर्डातली मुलं सौम्य दिसतात का? दिसत नसतील तर का? पुण्यातल्या माणसाला हे प्रश्न सुचणार नाहीत, आणि सुचले तरी होळीचं वेळापत्रक धरून फॉलोअपची तारीख ठरवणं त्याला जमणार नाही. दर तीन महिन्यांनी असा फॉलोअप लिहिलेला प्रस्ताव मी वाचलाय. डिसेंबरमधला फॉलोअप पाड्यावर कुलूप बघून परत आला असता.

मदतीला ठेवायच्या माणसांचं बजेट इथूनच येतं. तुम्हाला अहिराणी येते, पण धडगावच्या आजीला पावरी लागते. पावरी आणि भिली बोलणारे दोन फील्ड वर्कर, शक्यतो त्याच भागातले, आणि त्यातली एक बाई. पावसाळ्यात चांदशैली घाटात दरड आली की रस्ता बंद, म्हणून जीपचं भाडं तीन महिने दुप्पट धरा. संमतीपत्र पावरीत वाचून दाखवायचं, अंगठ्याला साक्षीदार घ्यायचा. गावच्या कारभाऱ्याला आधी भेटायचं, पण त्याचा होकार म्हणजे आईचा होकार नव्हे. आणि मुलीचं पिवळं कार्ड गावात कळलं की सोयरीक मोडते, म्हणून माहिती कुठे ठेवणार, कोण बघणार हे आधी ठरवा. हे मुद्दे प्रस्तावात असले की परीक्षकाला कळतं, ही बाई खरंच तिथली आहे.

पहिल्या नावाचं दुखणं. झालेल्या पेपरवर भांडू नका. ते जिंकलात तरी विभागात राहणं कठीण होईल. लेखक कोणाला म्हणायचं याचे आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे चार निकष आहेत, त्यांची प्रत पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधी टेबलावर ठेवा आणि नावांचा क्रम एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नव्या प्रस्तावात मुख्य संशोधक तुम्ही, साहेब सहसंशोधक. साहेबांना ते स्वतः जाऊन सांगा, शिपायाकरवी फाईल पाठवू नका. बहुतेक साहेब इतके वाईट नसतात. पहिलं नाव लावणं ही त्यांच्या वेळची रीत होती आणि त्यांनाही कोणी तरी तसंच वागवलेलं असतं. पण नवा विषय थिसिसचं शेपूट वाटता कामा नये. फेलोशिपच्या मुलाखतीत “यात तुमच्या गाइडचं किती आणि तुमचं किती?” असं विचारतात, आणि तिथे चाचरलात की संपलं.

मेंटर मात्र लागतोच, आणि तो तुमच्या विभागातला नसलेला बरा. एनआयआयएचमधला एखादा हिमॅटॉलॉजीचा माणूस, आणि दुसरा आकडेवारी जाणणारा. नमुन्याचा आकार ठरवायला बायोस्टॅटिस्टिशियनकडे आकडे गोळा झाल्यावर जाण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तुम्ही आधी जा. एकट्याने सगळं करून दाखवलेले लोक आहेत. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम केलं आणि ते ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवले, तेही १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण या नावांचा वापर “इच्छा असेल तर पैसे लागत नाहीत” असं तरुणांना सुनावायला केला जातो, तेव्हा मला राग येतो. बावस्करांसारखा माणूस एखादाच निपजतो. बाकीच्यांना ग्रँट लागते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

पैसे मंजूर झाल्यावरची गंमत थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला कोणी शिकवलेली नसणार. रक्कम संस्थेच्या खात्यात येते, तुमच्या नव्हे. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. सरकारी ग्रँटचा पुढचा हप्ता यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, गेल्याशिवाय येत नाही, आणि यूसीवर अकाउंट्स व डीन दोघांची सही लागते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्सचा माणूस कोणाचा फोन उचलत नाही. म्हणून त्याच्याशी जानेवारीतच ओळख करून घ्या, चहा पाजा. फील्ड वर्करचा पगार तीन महिने अडकला की तो दुसरं काम धरतो आणि तुमचा अभ्यास तिथेच बसतो. सुरुवातीलाच प्रकल्पासाठी वेगळं खातं किंवा वेगळी नोंदवही मागून घ्या. थेट परदेशी भागीदारी किंवा परदेशी पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी पैशाचा कायदा, हे वेगळेच प्रकरण उभं राहतं. पहिल्या प्रकल्पात त्याच्या नादी लागू नका.

खान्देश सोडावं का? नोकरी सोडून कायमचं जाऊ नका; काही महिन्यांसाठी जरूर जा. इंडिया अलायन्ससारख्या फेलोशिपमध्ये काही काळ दुसऱ्या संस्थेत, परदेशातसुद्धा, शिकायला जाता येतं. परळला राहून एचपीएलसीचे आलेख वाचायला शिका, क्लिनिकल ट्रायल कशी चालवतात ते बघा, परत या. मुंबईत कायम गेलात तर तुम्ही सिकलसेलवर काम करणाऱ्या अनेकांपैकी एक व्हाल आणि पेशंट तुम्हाला धडगावहूनच मागवावे लागतील.

प्लॉटचं काय करायचं हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, पण विषय काढलात म्हणून सांगतो. सरकारी नोकरीत व्यवसायरोध भत्ता घेता तेव्हा खासगी प्रॅक्टिस करता येत नाही, आणि फेलोशिपवर असताना तर वेळच नसतो. शहाद्यात बालरोगतज्ज्ञाचं हॉस्पिटल चाललं तर दोन वर्षांत तुमच्या फेलोशिपपेक्षा जास्त पैसे मिळतील, हे सासऱ्यांचं गणित चुकीचं नाही. त्यांच्याशी गणितात भांडू नका. त्यांना मुदत सांगा. पाच वर्षं द्या, त्यानंतर फेलोशिप पुढच्या पायरीची मिळाली नाही तर प्लॉटवर पाया घालू. हॉस्पिटल ४०व्या वर्षी काढता येतं, चाललेलं हॉस्पिटल बंद करून ४०व्या वर्षी संशोधनाकडे वळलेले मला फार थोडे भेटले. पाच वर्षांनंतर काय, ही काळजी खरी आहे. आपल्याकडे फेलोशिप संपल्यावर फेलोला सामावून घेणारं पद कॉलेजात आपोआप तयार होत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, एमपीएससी.

पुढच्या काही महिन्यांत काय करायचं ते ठरवून घ्या. आधी कोर्स, मग डीनचं पत्र, मग एसटीएसची मुलं. थिसिसच्या काळापासूनच्या भरतीच्या नोंदी काढा आणि कोणत्या महिन्यात किती मुलं वेदनेच्या झटक्याने आली एवढंच मांडा. त्याचा एक छोटा पेपर तुमच्या पहिल्या नावाने निघेल, आणि अर्जात दाखवायला तोच तुमचा प्राथमिक पुरावा. मात्र जुन्या नोंदींसाठीही एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि २०१९च्या नियमांनंतर त्या कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी लागते. तुमच्या कॉलेजच्या कमिटीची नोंदणी चालू आहे की मुदत संपली आहे हे सदस्य-सचिवांना विचारा, आणि पुढची बैठक कधी हेही. बऱ्याच ठिकाणी ती तीन महिन्यांतून एकदा होते आणि अजेंडा दोन-तीन आठवडे आधीच बंद होतो, तेव्हा उद्या फोन केलात तर बरं.